'बारूद ब्रदर्स' आणि दोन किलो मटार

"काका, अख्ख्या दोन रांगा बुक केल्या," प्रसादने दारातूनच सांगितलं आणि रवींद्र देवपुजारींचा चहा बशीतच राहिला.

प्रसाद म्हणजे भोपाळच्या मराठी मंडळाचा सचिव. उत्साह इतका, की त्याच्या तावडीतून कोणी सुटत नाही. "यंदा उन्हाळी सहल पचमढीला नाही. सगळे मिळून 'बारूद ब्रदर्स' बघायचा. तुमचा पिक्चर, काका."

"माझा कसला रे? जेमतेम दोन मिनिटांचं काम."

"तीच दोन मिनिटं बघायचीयत आम्हाला," मीनाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. नवऱ्याचं कौतुक त्या सहसा करत नसत, त्यामुळे रवींद्रना आणखीच घाम फुटला.

घाम फुटायला कारण होतं. मागच्या वर्षीच्या थंडीत या सिनेमाचं शूटिंग अशोका गार्डन भागातल्या बाजारात झालं, तेव्हापासून रवींद्र सगळ्यांना एकच गोष्ट सांगत आले होते. हीरोने त्यांचा हात धरला, दोघांनी मिळून आगीवरून उडी मारली आणि नंतर हीरो म्हणाला, "अंकल, कमाल कर दिया." हळदीकुंकवात, गणपतीत, एकदा तर एका तेराव्यालाही ही उडी मारून झाली होती. दर वेळी आग थोडी वाढायची.

खरं काय घडलं होतं ते त्यांना एकट्यालाच माहीत होतं. ते भाजी घेऊन नेहमीच्या आडवाटेने, दुकानांच्या मागच्या बोळातून, बाजारात शिरले. मुख्य रस्ता अडवलाय, शूटिंग चाललंय, याचा त्यांना पत्ताच नव्हता. कानटोपीमुळे आरडाओरडाही ऐकू आला नाही. मग धडाम झालं, लोक पळाले, आणि थोड्या वेळाने कोणीतरी त्यांना कॉलरला धरून बाहेर काढलं. "अंकल, पूरा शॉट खराब कर दिया," एवढंच काय ते त्यांचं कौतुक. घरी असं सांगणार कसं? म्हणून ती उडी.

झालं. रविवारी दुपारी, रस्त्याचं डांबर पाघळेल अशा उन्हात, सगळं मंडळ थिएटरात जाऊन बसलं. मीनाताईंनी ठेवणीतली साडी नेसली होती.

सिनेमा सुरू झाला आणि लौकरच कळलं की पाण्यासारखा पैसा ओतलाय, पण त्यात विनोद घालायचं कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही. गाड्या उडत होत्या, हेलिकॉप्टरं कोसळत होती, आणि हीरो प्रत्येक स्फोटानंतर गॉगल घालून एक वाक्य टाकत होता. वाक्य संपलं की थिएटरात एसीचा आवाज ऐकू यायचा. मागून कोणीतरी वैतागून अस्सल भोपाळी ठसक्यात विचारलं, "को खां, ये हँसाएगा कब?"

मंडळातली माणसं हळूहळू रवींद्रांकडे बघायला लागली. जणू काही हा सिनेमा त्यांनीच पेन्शनच्या पैशातून काढला होता.

मध्यंतरात प्रसाद पडलेल्या चेहऱ्याने आला. "काका, राग मानू नका, पण मंडळी म्हणतायत की निघूया."

रवींद्रना देव भेटल्यासारखं झालं. इतका भिकार सिनेमा काढल्याबद्दल दिग्दर्शकाचे पाय धरावेसे वाटले. "निघू या की. आपल्याला कसला मोह? ऊनही उतरलं असेल," ते म्हणाले आणि उठलेसुद्धा.

"बसा खाली," मीनाताई म्हणाल्या. "तुम्ही दिसल्याशिवाय मी हलणार नाही. दीड वर्ष ऐकतेय ती उडी."

मीनाताई बसल्या म्हटल्यावर मंडळही बसलं. रवींद्र डोळे मिटून, आपला भाग कापला गेला असू दे, असं पुटपुटत राहिले.

आणि तो बाजार आला. हीरो धावत आला, आगीवरून उडी मारून पलीकडे गेला. एकटाच गेला. मीनाताईंनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. तेवढ्यात पडद्यावर धडाम झालं, माणसं सैरावैरा पळाली, आणि त्या धुरातून एक कानटोपीवाले काका उलटे, आगीच्या दिशेने येताना दिसले. भर रस्त्यात ते उकिडवे बसले. मागे गुंड हवेत उडत होते, आणि काका सांडलेले मटार एकेक करून पिशवीत भरत होते. एक शेंग त्यांनी फुंकर मारून, उजेडात धरून नीट पारखून घेतली.

थिएटरात हशा फुटला. लोक खुर्च्यांवर लोळायला लागले, शिट्ट्या पडल्या, "अंकल को फिर दिखाओ" म्हणून ओरडा झाला. एवढ्या खर्चाच्या सिनेमात हसू आलं ते तेवढंच. प्रसाद डोळे पुसत म्हणाला, "काका, वसूल झाला पिक्चर. देव तुमचं भलं करो."

रवींद्र मात्र खुर्चीत विरघळले होते. कारण मीनाताई हसत नव्हत्या.

"हात धरून उडी मारली होती ना?"

"नाही मारली."

"त्या दिवशी मटार मातीत लोळलेले होते. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"बोललीस खरी."

"सांगायचं नाही का?"

"काय सांगू? मधुरा माहेरी येणार म्हणून तुला मटारच्या करंज्या करायच्या होत्या. मटार कमी पडता कामा नयेत, असं बजावलं होतंस."

मीनाताईंनी पडद्याकडे बोट केलं. "ती आग खोटी आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"आता माहीत आहे," रवींद्र म्हणाले. "तेव्हा नव्हतं."

मीनाताईंनी पदराने डोळे टिपले आणि नवऱ्याचा हात जो धरला, तो सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. उरलेला सिनेमा आधीच्यापेक्षा वाईट होता, पण रवींद्रना तो फार आवडला.

संध्याकाळी घरी आल्याआल्या मीनाताईंनी फ्रीजरमध्ये पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले मटार बाहेर काढले. करंज्या तळता तळता इंदूरच्या बहिणीला फोन लावला. रवींद्र बाहेर बसून कान देऊन ऐकत होते.

"अगं विनिता, पिक्चर अगदी टाकाऊ. बघू नकोस. म्हणजे बघच, पण यांच्यासाठी बघ," त्या सांगत होत्या. "उडी? छे, उडी त्या हीरोने मारली. जीव वाचवायला कोणीही मारील. आमचे हे मागे फिरले."

मग पहिली करंजी त्यांनी बशीत घालून बाहेर आणून दिली आणि म्हणाल्या, "फुंकर मारून खा. गरम आहे."