हरलेल्या मॅचचा वाढदिवस

गेल्या गणपतीत नेवेकाका आमच्या मंडळाच्या आरतीला आले, ते खाली पीतांबर आणि वर लाल-हिरव्या पट्ट्यांचा फुटबॉलचा टीशर्ट घालून. मी मंडळाची सेक्रेटरी, त्यामुळे असल्या गोष्टी निस्तरणं माझ्याकडे. त्यांना बाजूला घेऊन मी म्हटलं, काका, आज तरी कुडता घालायचा. तर म्हणाले, आज क्लबचा वाढदिवस आहे, बाप्पा समजून घेईल. बाप्पा घेईलही, पण पुढच्या रांगेतल्या आज्यांना कोण समजावणार होतं?

प्रभाकर नेवे. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत, आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. सत्तरी केव्हाच ओलांडलेले, रिटायर्ड इलेक्ट्रिकल इंजिनियर. काकू जाऊन काही वर्षं झाली. जन्म भुसावळचा, वडील तिथल्या लोको शेडमध्ये फिटर. काका स्वतः रेल्वेत एक दिवसही नव्हते आणि फुटबॉलला त्यांचा पाय लागलेला मी तरी पाहिलेला नाही. आणि हा गृहस्थ ब्राझीलमधल्या कुठल्याशा जंक्शनच्या गावातल्या क्लबचा भक्त. मोठा, टीव्हीवर दिसणारा क्लब असता तर मी एक अक्षर बोलले नसते. हा इतका खालच्या डिव्हिजनमधला की ब्राझीलमध्येही गावाबाहेर कुणाला ठाऊक नसावा. त्याचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. दिलं तर काका हा लेख फ्रेम करून हॉलमध्ये लावतील.

काका सुरुवात करायच्या आधी, गाडी सोडणाऱ्या स्टेशन मास्तरासारखं विचारतात, "लाइन क्लिअर?" विचारण्यापुरतंच. उत्तराची वाट बघायची पद्धत नाही. मग गाडी सुटते.

मुळात हा रेल्वेवाल्यांचा क्लब. (हे वाक्य दर वेळी असतं.) साहेब लोकांचा वेगळा क्लब होता आणि त्यांच्या मैदानावर कामगारांना पाऊल टाकू देत नसत. मग वर्कशॉपच्या पोरांनी यार्डामागची जागा साफ केली. इंजिन पुसायच्या चिंध्या आवळून बॉल केला, जुने रूळ उभे करून गोल केले. शर्टांसाठी सिग्नलच्या झेंड्यांचं कापड आणलं. आणलं म्हणजे उचललं, पण काका "आणलं" म्हणतात. लाल पुरेना म्हणून उरलेल्यांना हिरवं. पहिल्या मॅचला निम्मी टीम लाल, निम्मी हिरवी, आणि पास कुणाला द्यायचा हे त्यांचं त्यांनाच कळेना. त्यात मध्येच मालगाडी आली आणि निम्मे खेळाडू ड्यूटीवर निघून गेले. गोलकीपर बेनेदितो हा त्याच गाडीचा फायरमन, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. तेवढ्यात समोरच्यांना पेनल्टी मिळाली. ड्रायव्हरने गाडी थांबवून धरली, म्हणाला, एवढा एक अडव आणि चल. बेनेदितोच्या दोन पायांमधून बॉल आत गेला. तो तसाच पळत जाऊन इंजिनावर चढला आणि ड्रायव्हरने लांबलचक शिट्टी दिली. क्लब मॅच हरला. आणि त्या हरलेल्या मॅचचा वाढदिवस ते लोक अजून दर वर्षी शिट्टी वाजवून साजरा करतात.

आता एकदा ऐकायला गोष्ट वाईट नाही. पण मी ती डोहाळेजेवणात ऐकली आहे, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत ऐकली आहे, स्नो शोव्हल करताना ड्राइव्हवेवर ऐकली आहे. "निरोगी म्हातारपण" या विषयावर काकांना मंडळात बोलायला बोलावलं, तर तिथेही बेनेदितोच. शब्द तेच, हातवारे तेच. लाल शर्ट म्हणताना उजवा हात छातीवर, हिरवा म्हणताना डावा, आणि पेनल्टीला दोन्ही गुडघे फाकवून उभं राहायचं. माझ्या मुलीच्या ग्रॅज्युएशन पार्टीत काका माइककडे सरकताना दिसले तेव्हा ती मला म्हणाली, "मॉम, प्लीज, नॉट द गोलकीपर अगेन."

एवढ्यावर भागत नाही. पुढच्या भेटीत परीक्षा असते. शर्टांचं कापड कशाचं? गोल कशाचे? चुकलात की काका कासावीस होतात. "तपशिलात चूक नको गं वैशाली," म्हणतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. माझा नवरा परीक्षा चुकवायला गराजमध्ये जाऊन बसतो.

तर मार्चमध्ये मला निखिलचा फोन आला. निखिल म्हणजे काकांचा मुलगा, ओहायोत डब्लिनला असतो. भला मुलगा. त्याने घरात तळमजल्यावर बाबांसाठी खोली केली होती, बाथरूममध्ये धरायला दांडेसुद्धा लावले होते, आणि बाबा काही हलायला तयार नव्हते. कारण विचारलं की म्हणे, शनिवारी मॅच असते. गेल्या हिवाळ्यात काका बर्फावर घसरून पडले होते, ते निखिलला माझ्याकडूनच कळलं होतं. म्हणाला, "वैशालीताई, यू टॉक टू हिम ना. तुमचं ऐकतात ते." माझं कुणीच ऐकत नाही, पण मी हो म्हटलं. एका क्लबच्या नादापायी माणसाने एकट्याने या बर्फात राहायचं, हे मलाही पटत नव्हतं. मनात हेही आलं, खोटं कशाला बोलू, की पुढचा गणपती शांततेत होईल.

काकांना गाठायचं तर शनिवारीच. ते दर शनिवारी फ्रेमिंगहॅमला एका ब्राझिलियन बेकरीत जातात. मी म्हटलं, या वेळी मी ड्राइव्ह करते. रूट नाइनवर सगळे सिग्नल लाल मिळाले आणि सबंध रस्ताभर मी ओहायोचे गुण गायले. काका खिडकीबाहेर बघत काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, जप चालला आहे.

बेकरीत टीव्ही होता. त्यावर कुठल्याशा भलत्याच क्लबची मॅच चालली होती आणि काकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काउंटरवरची बाई म्हणाली, "सेउ प्रभाकर!" सेउ म्हणजे आपल्याकडचं राव. तिने कॉफी आणि चीजचे गरम पाव न मागता पुढे ठेवले आणि आम्हाला मागच्या खोलीत नेलं.

तिथे खुर्चीत एक म्हातारा बसला होता. अंगात तोच लाल-हिरवा टीशर्ट, मांडीवर शाल. तिचे वडील, ओरलांदो. त्याच जंक्शनच्या गावचे, जन्म रेल्वेत गेलेला. त्यांनी काकांकडे परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मुलगी मला हलक्या आवाजात म्हणाली की पूर्वी काका आणि ते तासन्‌तास रेल्वेच्या गप्पा मारायचे, मध्ये बसून ती ट्रान्सलेट करायची. क्लबची सगळी गोष्ट काकांना यांनीच सांगितली. आता त्यांना काहीच आठवत नाही. तिचं नावही कधी आठवतं, कधी नाही.

काका स्टूल ओढून समोर बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "लाइन क्लिअर?" आमच्याकडे विचारतात तसंच विचारलं. मग एवढ्यासाठीच शिकलेल्या पोर्तुगीजमध्ये सुरू झाले. अडखळत, भुसावळच्या उच्चारांत, पण सुरू झाले. मला एक शब्द कळत नव्हता, तरी गोष्ट कुठवर आली आहे ते अचूक कळत होतं. चिंध्या आवळल्या. रूळ उभे केले. उजवा हात छातीवर, मग डावा. ओरलांदोंचा चेहरा हळूहळू उघडत गेला, ते पुढे सरकून बसले. मालगाडी आली. पेनल्टी मिळाली. आणि काका थांबले.

नाव आठवेना. जगाला वीट येईपर्यंत परीक्षा घेणारा हा माणूस स्वतः अडला. ओठ नुसतेच हलले. ओरलांदो त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पुन्हा मिटायला लागला.

"बेनेदितो," मी म्हटलं.

म्हातारा माझ्याकडे वळला. "बेनेदितो," तो म्हणाला आणि छातीवर हात ठेवून आणखी काही बोलला. मुलगी तोंडावर हात धरून बाहेर निघून गेली. काकांनी मला मराठीत सांगितलं, "बेनेदितो माझे आजोबा, असं म्हणताहेत ते." मग ते स्टुलावरून उठले, गुडघे फाकवून उभे राहिले, गोल आत घेतला आणि तोंडाने लांबलचक शिट्टी दिली. ओरलांदो खो खो हसले. मला रडू आलं, आणि त्याचा रागही आला.

परतताना मी ओहायोचा विषय काढला नाही. तो काकांनीच काढला.

"तुझी काकू शेवटी सगळं विसरली होती. रोज विचारायची, माझं घर कुठलं, दारात काय होतं. मला काय ठाऊक? ती माहेरचं सांगायला लागली की मी पेपर वाचायचो. तिला परत सांगायला माझ्याकडे एकसुद्धा गोष्ट नव्हती गं." "निखिलचंही खरं आहे. आता मीसुद्धा अडायला लागलोय. म्हणून तर सगळ्यांना पाठ करून घेत होतो. कुणाला तरी पक्कं आलं की मी ओहायोला जायला मोकळा. तुला पक्कं आलंय, वैशाली. शनिवारी तू जाशील?"

मी गाडी त्यांच्या दाराशी उभी केली. त्या माणसाची शेजारीण म्हणून मी इतकी वर्षं सहन केलेलं सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं.

"मला पोर्तुगीज येत नाही," मी म्हटलं. "आणि गुडघे फाकवून उभी राहणार नाही, आत्ताच सांगते. तुम्हीच सांगायचं. मी शेजारी बसेन, अडलात तर नाव सांगेन."

काका बराच वेळ सीटबेल्टशी झटापट करत राहिले. मग उतरले, खिडकीशी वाकले आणि विचारलं, "गोल कशाचे होते?"

"जुन्या रुळांचे," मी म्हटलं. "आता आत जा, थंडी आहे."