मोमीन सरांची फाट्यावरची हजेरी

मोमीन सर रोज सकाळी दुसऱ्याच्या शाळेची हजेरी घ्यायचे. खोटं सांगत नाही. आमच्या लोहा तालुक्यात त्यांच्या गावच्या फाट्यावर पिवळ्या गाड्या यायच्या. लोह्यातल्या ‘लातूर पॅटर्न’वाल्या शाळेच्या. शाळा अन् क्लास एकाच बिल्डिंगीत, पाचवीपासूनच डॉक्टर करायला घेणारी. गाडी थांबली की जिल्हा परिषदेच्या शाळेचे हे मुख्याध्यापक खिडकीखाली उभे राहून, आपली शाळा सोडून गेलेल्या पोरांची नावं तोंडपाठ घ्यायचे.

“गायकवाड अमोल!”

“हजर सर!”

“तोंड दाव आधी!”

मग अमोल टाय सावरत खिडकीतून मुंडकं बाहेर काढायचा. ते नीट दिसलं की पुढचं नाव. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकायचा.

मी शेजारच्या गावची मुख्याध्यापिका. त्याच फाट्यावर मला जीप बदलावी लागायची, म्हणून हा तमाशा रोज नशिबी. अन् स्पष्टच सांगते, माझा नुसता जळफळाट व्हायचा. माझ्या गावची पोरंही त्याच गाडीत असायची, अन् मला बघितलं की ती काच लावून घ्यायची. ज्यांची नाकं मी माझ्या पदरानं पुसली, ती!

आता जिल्हा परिषदेचा मुख्याध्यापक म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसेल. खिचडीचा तांदूळ मोजा, गावातले संडास मोजा, मतदार मोजा, संध्याकाळी नेट येत नसलेल्या मोबाईलवर माहिती भरा, अन् उरलेल्या वेळात गावात दारोदार फिरून “ताई, पोरगी आमच्याच शाळेत ठेवा” म्हणून हात जोडा. हे सगळं मीही करत होते. पण आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र, त्याच्या बैठकीत कौतुक कुणाचं? “मोमीन सरांकडून शिका जरा!” काय शिकू? गाडीखाली उभं राहून ओरडायला?

त्या बैठकीतसुद्धा गडी गप्प बसायचा नाही. एकदा हजेरी चालू असताना कुणीतरी न आलेल्या मित्राच्या नावाला “हजर” म्हणालं. सर्रास चालतं हे, कुणी मनावर घेत नाही. मोमीन सर ताडकन उभे. “साहेब, तोंड दाव म्हना त्याला!” तो मित्र तेव्हा सासुरवाडीला जेवत होता. नंतर महिनाभर अर्धं केंद्र मोमीन सरांशी बोलत नव्हतं, अन् त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

एकटा माणूस. किल्लारीच्या बाजूनं बदली घेऊन आलेला, बायको लवकर गेलेली, लेकरू नाही. ईदला शीरखुर्म्याचा डबा माझ्या घरी यायचा. इतका चांगला व्हायचा मेला, की त्याचाही मला राग यायचा.

तर काय झालं, एका वर्षी वरून फर्मान आलं. दोन्ही गावं जवळ, दोन्ही शाळांचा पट घसरलेला, तेव्हा एकच शाळा राहील. ज्याची पोरं कमी, त्याची शाळा दुसरीत मिळवायची. मुख्याध्यापक जादा ठरणार अन् जागा असेल तिकडं जाणार. माझी झोपच उडाली. माझा नवरा अंथरुणाला खिळलेला, मी कुठं जाणार होते? देवापुढं दिवा लावून मी मोमीन सरांचा पट कमी निघू दे म्हणाले. होय, म्हणाले!

माझ्याकडची मोजणी झाली. पोरं बेताचीच निघाली. मग विस्तार अधिकारी म्हणाले, “चला मॅडम, तुमच्या समोरच तिकडची मोजू, नंतर तक्रार नको.” जाऊन बघते तर काय, मोमीन सरांची शाळा खच्चून भरलेली! बाकावर तीन-तीन पोरं. अन् निम्म्यांच्या गळ्यात टाय! तिथल्या सरपंचानं गाडीवाल्याला दटावून पोरं शाळेच्या दारातच उतरवली होती. अधिकाऱ्यांना टाय दिसत नव्हते असं नाही. त्यांनाही एक कटकट मिटवायची होती. “वा, वा! शाळा चांगली चालवता,” म्हणत त्यांनी पेन काढलं.

“साहेब,” मोमीन सर म्हणाले, “टायवाली माझी न्हाईत. माझी व्हती.”

सरपंचानं कपाळावर हात मारून घेतला. “ओ सर, गप बसा की! शाळा जाऊन राहिली आपली!”

“जाऊ द्या. पोरगं एका वक्ताला एकाच जागी हजर पायजे.” अन् त्यांनी एकेका टायवाल्याला उठवून, दप्तर खांद्याला लावून दारातल्या गाडीत बसवलं.

शाळा गेली. त्यांची पोरं माझ्याकडं आली अन् त्यांना मिळालं हदगाव, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. जायच्या दिवशी ते फाट्यावर ट्रंक घेऊन बसची वाट बघत होते. मी जिंकले होते. पण जीव काही थंड होईना. मी सरळ भांडायलाच गेले.

“कशाला बोललात हो त्या दिवशी? कुणाचं काय बिघडलं असतं?”

त्यांनी ट्रंक बाजूला सारली. “किल्लारीच्या भूकंपानंतर आमची शाळा ताडपत्रीखाली भरली, मॅडम. मी नवाच व्हतो. मान खाली घालून हजेरी घेतली. एका पोराच्या नावाला त्याचा दोस्त हजर म्हनला. सवयीनं. मी टिपून टाकलं. कॅम्पवाल्यांनी हरवलेल्यांची नावं इचारली, तर छातीठोक सांगितलं, हे पोरगं हाय. मग कोन हुडकतंय त्याला? त्याच्या घरचं कुनी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सहज तिकडनं चाललो, तर दगडाच्या ढिगावर बसलेलं. उपाशी. मला म्हनलं, ‘सर, मला कुनीच बोलवायला आलं न्हाई.’”

“मग पुढं?”

“मामानं लातूरला नेलं. शिकलं, लई शिकलं. ती लोह्याची शाळा त्याचीच तर हाय.”

“काय?” मी ओरडलेच. “अन् तुम्ही त्याला सांगितलं नाही, बाबा रे, तुझ्यापायी माझी शाळा बंद पडत चालली म्हणून?”

“एकदा गेलतो. वर्गात शिकवून राहिला व्हता, फळाभर गणित मांडून. दारातनंच बघितलं अन् आलो. मला बघितलं असतं तर त्याला पुन्हा ते दगड दिसले असते, मॅडम.”

हदगावची बस आली. मी ट्रंकेला हात लावला, तसं त्यांनी चेहरा वळवून तो रुमालानं पुसला. मीही धूळ गेल्यासारखे डोळे चोळले. पण खरं सांगू? त्यांना आत चढताना बघूनही माझ्या पोटात दुखायचं काही थांबलं नाही. इतकी वर्षं शिकवलं मी. माझी शाळा बंद पाडण्याएवढा मोठा झालेला एक तरी विद्यार्थी मला आहे का?