कच्छवे सरांचे मेलेले हीरो

कच्छवे सरांच्या फिजिक्सच्या तासाला एक तरी हीरो मरतोच. बी.एस्सी.ची पोरं पडद्यावर डोळे लावून बसलेली असतात, हीरो आठव्या मजल्यावरून उडी मारतो, आणि सर रिमोट दाबतात. "गेला. आता कसा गेला ते फळ्यावर दाखवा." मग पोरं उंची मांडतात, वेग काढतात, आणि हीरोचे गुडघे कुठवर घुसले असते ते सांगतात.

मी त्यांचा शेजारी, आणि त्याच कॉलेजात रसायन शिकवतो. मला कुत्रं विचारत नाही. माझ्या तासाला पहिल्या बाकावर ऊन बसतं. यांच्या तासाला मात्र पिंगळीची, चुडाव्याची पोरं रेल्वेतून उतरून जीव टाकून धावत येतात. जळायचं नाही म्हणलं तरी माणूस जळतोच की.

एकदा तर यांनी हीरोच्या वजनाचं सरकीचं पोतं शिवलं, त्याला स्वतःचा शर्ट घातला आणि कॉलेजच्या पाण्याच्या टाकीवरून खाली सोडलं. पोतं फुटलं. पोरं गणित करेपर्यंत मागच्या गायरानातल्या बकऱ्या आल्या आणि हीरो खाऊन गेल्या. त्यांच्या मालकिणीनं शर्ट तेवढा सोडवून दिला. "लय चांगला प्रयोग झाला," सर म्हणे.

पुस्तकांचंही तेच. वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, वाचनालयातून रहस्यकथा आणतात. सर त्या आधी वर्गात नेतात. अमावास्येच्या रात्री चांदण्यात खुनी ओळखू आला, की त्या पानावर तासभर चर्चा. वहिनींच्या हातात पुस्तक येईपर्यंत खुनी कोण ते अर्ध्या परभणीला कळलेलं असतं.

थिएटरात तर सरांजवळ रिमोट नसतो, नुसतं तोंड असतं. पुढचेमागचे वैतागून उठून जायचे. शेवटी वहिनींनी सांगून टाकलं, "तुमच्यासंगं पिक्चरला जाणं म्हणजे मयतीला जाणं हाय." त्यांनी जायचंच बंद केलं. त्याला आता बरीच वर्षं झाली.

परवा सर माझ्याकडं आले. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हापासून घर खायला उठतंय, म्हणाले.

"जेवताना दोघं बी टीव्हीकडं बघतो. तुमी म्हणलात तर ती पिक्चरला येईल. मी एक शब्द बोलणार न्हाई."

वर्गात एवढा बोलणारा माणूस, पण हे सांगताना चपलेकडं बघत होता. मला लय वाईट वाटलं. मी जामीन राहिलो. वहिनी तयार झाल्या, पण मीही सोबत यायचं या अटीवर.

पिक्चरमध्ये हीरोनं धरणाच्या भिंतीवरून मोटारसायकल उडवली आणि थेट पलीकडच्या डोंगरावर उतरवली. मागच्या रांगेत आमचीच पोरं होती. सर आता काय म्हणतात म्हणून ती पुढं वाकली. मी सरांचं कोपर घट्ट धरलं. सर गप्प. शेवटपर्यंत गप्प. वहिनी मात्र विनोदी नटाच्या एकेका वाक्याला तोंडाला पदर लावून हसत होत्या.

बाहेर आल्यावर वहिनींनाच राहवलं नाही.

"बोला आता. मघापासून जीव गुदमरायलाय तुमचा. कसा मेला असता तो?"

सर खिशात स्कूटरची किल्ली शोधत होते. "मला काय माहीत? मी कुठं तिकडं बघायलो होतो."

"मग कुठं बघत होता?"

"तू हसायलीस ते बघायलो होतो. लय दिवस झाले होते."

वहिनी मागं बसल्या, सरांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि स्कूटर सुरू झाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी कोणता लागायलाय, ते बघून ठेवा."