चुगलखोर फोन आणि नळी

कलावतीने मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी फक्त रस्सा चाखायचं ठरवलं होतं. वाटीभर. तोही उभ्या उभ्या. उभ्याने खाल्लेलं उपासाला लागत नाही असा तिचा एक नियम होता, आणि तो तिने त्याच दिवशी सकाळी साडेअकराला कल्याणच्या फुलबाजाराबाहेर तयार केला होता.

दिव्यातल्या ‘श्रीकृपा’ बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांसाठी गुरुवारच्या पूजेची फुलं, वेण्या, पाच झाडांच्या डहाळ्या कलावतीच आणायची. कुणी सांगितलं नव्हतं, तिनेच ते काम ओढून घेतलेलं (ओढून न घेतलेलं काम तिला करताच येत नाही). बाजारातून बाहेर पडलं की कोपऱ्यावर आबांची खानावळ. आबा म्हणजे वय पस्तीस, पण मिशा आजोबांच्या, म्हणून आबा. सकाळपासून कलावतीच्या पोटात अर्धा कप चहा आणि दोन खजूर. आतून खोबरं-कांदा भाजल्याचा वास. बाई माणूसच आहे, दगड नाही. रस्सा चाखायला उभी राहिलेली कलावती पाऊण तासाने बडीशेप चावत बाहेर आली, तेव्हा एक मटण थाळी, दोन जादा भाकऱ्या आणि एक नळी एवढं सगळं पोटात गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, खाल्लं तर खाल्लं, त्यात काय एवढं? तर त्यात एवढं, की ‘श्रीकृपा’त दर गुरुवारी संध्याकाळी सगळ्या बायका जमून जी पोथी ऐकायच्या, ती कलावती वाचायची. नऊ वर्षं. चौथीत शाळा सुटलेली कलावती पाटावर, आणि ठाण्याच्या नौपाड्यातून आलेली, बी. ए. झालेली, एकेक शब्द इस्त्री करून बोलणारी सुमती खाली सतरंजीवर, हात जोडून. बँकेत कलावतीला फॉर्म दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागे. पण त्या पाटावर बसली की तिच्यापुढे कुणाची डिग्री चालत नसे. तो पाट म्हणजे तिचा जीव होता.

आणि वाचणारीने उपास कडकडीत पाळायचा, हा नियमही तिचाच. तिच्या आधी पोथी दुसऱ्या मजल्यावरच्या वैशालीकडे होती. मुलाच्या वाढदिवसाला वैशालीने गुरुवारी केकचा तुकडा तोंडात टाकला, त्यात अंडं आहे हे कलावतीने दुकानात जाऊन शोधून काढलं, आणि पोथी आपल्या घरी नेली. घरातही तसंच. नवरा उत्तम, कोलशेतच्या कंपनीतून निवृत्त झालेला गरीब माणूस, महिनाभर मटणाचं नाव काढू शकत नव्हता. गुरुवारी तर त्याच्या ताटात वरीचे तांदूळ, मनात असो नसो.

तर त्या संध्याकाळी पूजा मांडून झाली. सुमती म्हणाली, “कलावतीताई, फार सुंदर मांडलंत. द्या तुमचा फोन, फोटो काढते.”

कलावतीने दिला. सुमतीने फोन उचलला, नेम धरला, आणि थांबली. चष्मा नाकावरून खाली घेऊन ती मोठ्याने वाचू लागली. “‘आबांची खानावळ. तुमची भेट कशी झाली? स्टार द्या.’ हे काय हो?”

अठरा बायका. एका क्षणात उदबत्तीचा धूरसुद्धा थांबल्यासारखा झाला.

“फुलबाजाराच्या बाजूला आहे ती,” कलावती म्हणाली. “मी वेण्या निवडत उभी होते. मेल्या फोनला वाटलं आत गेले.”

“अस्सं होय. आता विचारतोय, ‘मटण थाळीचा फोटो टाकणार का?’”

कलावतीने फोन हिसकावला आणि पोथी इतक्या जोरात सुरू केली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं उठून बसलं.

त्या दिवशी निभावलं. पण फोन हा चुगलखोर आहे, सुमतीपेक्षा चुगलखोर, हे कलावतीला कळून चुकलं. सुमतीला निदान झोप तरी लागते.

दुसऱ्या दिवशी ती गेली हेमांगीकडे. हेमांगी कॉम्प्युटरवाली, कोलशेतला ऑफिस, फोनमधलं सगळं जाणणारी. आता ही हेमांगी सुमतीचीच सून होती, हे जरा अडचणीचं होतं. पण हेमांगी सासूशी दिवसाला आठ शब्दांच्या वर बोलत नाही, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. कलावतीने तेवढा भरवसा पुरेसा मानला.

“हेमांगी, हा फोन मी कुठे जाते ते बघतो. बाईमाणसाने कुठे जावं, किती वेळ बसावं, याची नोंद ठेवतो. हे बरं आहे का?”

“अजिबात नाही काकू!” हेमांगीचा चेहराच उजळला. बिचारीला लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या आवडीचं विचारलं होतं. “मी किती वर्षं सांगतेय सगळ्यांना. फोनची मूळ सिस्टीमच बदलून टाकायची. दुसऱ्या असतात, ज्या आपली माहिती गोळाच करत नाहीत.”

“किती प्रकार आहेत?”

“एक सगळ्यात भारी, पण ती ठरावीक महागड्या फोनवरच चालते. तुमच्यावर नाही बसणार.”

“राहू दे. दुसरी?”

“दुसरी अर्धीमुर्धी. फोनवाल्या कंपनीचं थोडं आत ठेवते, पण त्यांना तुमच्याबद्दल खोटंच सांगते.”

“खोटं बोलते?” कलावतीला मोह झाला. पण लगेच तिच्या ध्यानात आलं, खोटं बोलणाऱ्याचं कधी ना कधी बाहेर येतंच (स्वतःवरून तिला बरंच ठाऊक होतं). “नको. तिसरी?”

“तिसरी कडक. कंपनीचं काहीच नाही. नकाशा विचारणार नाही, स्टार मागणार नाही. पण काकू, त्रास आहे थोडा. बँकेचं अॅप चालेलच असं नाही. आणि मेसेज आला की टिंग वाजणार नाही. तुम्ही स्वतः उघडून बघाल तेव्हाच कळेल.”

“कडकच टाक. मी कोण आहे? कडक बाई आहे.”

“आधीचं आतलं सगळं पुसलं जाईल हं.”

“पूस! घासून पूस!”

हेमांगीने रविवारचा अख्खा दिवस घालवला. मधे सुमती दोनदा चहा घेऊन डोकावली, “काय चाललंय?” म्हणाली. हेमांगी म्हणाली, “अपडेट.” तिचा त्या दिवसाचा एक शब्द खर्च झाला.

दुसऱ्या गुरुवारी कलावती खानावळीत शिरली ती मानाने. फोन टेबलावर पालथा ठेवला. नळी फोडली, भाकरी कुस्करली. फोन गप्प. ती बाहेर आली, फोन गप्प. घरी पोहोचली तरी गप्प. आयुष्यात पहिल्यांदा कलावतीच्या घरात कुणीतरी तोंड वाकडं न करता तिचं ऐकत होतं.

फक्त एवढंच झालं, की वैशालीने बिल्डिंगच्या ग्रुपवर तीन वेण्या जास्त सांगितलेल्या, क्षिप्राने विड्याची पानं, सुमतीने कमळ. टिंग न वाजल्याने कलावतीला काही कळलंच नाही. ती नेहमीचं सामान घेऊन आली.

“अगं, सकाळी सातला टाकलेला मेसेज!” वैशाली ओरडली.

“मी उपासाच्या दिवशी फोनला हात लावत नाही,” कलावतीने ठणकावलं. “ज्याने त्याने आपापलं मन देवाकडे लावावं.”

वैशाली ओशाळली. उलट दोन बायकांनी कलावतीच्या पाया पडून घेतलं. खोटं असं फिरवून टाकायचं तर अंगात जोर लागतो, आणि जोर तर तिने दुपारीच भरून घेतला होता.

तिसऱ्या गुरुवारी मात्र आबा तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“काकी, एक फोटो काढू? नळी अशीच धरा.”

कलावतीचा हात थांबला. “कशाला?”

“तुमच्यासारखं नळी ओढणारं गिऱ्हाईक मी बघितलं नाही. आवाज काउंटरपर्यंत येतो.”

आता चाळीस वर्षांच्या संसारात कलावतीच्या कुठल्याच आवाजाचं कुणी कौतुक केलेलं नव्हतं. पण ती सावध बाई. “इंटरनेटवर टाकशील.”

“नाही टाकणार.”

“ग्रुपवर?”

“नाही.”

“स्टेटसला?”

“नाही ओ काकी.”

“शपथ घे.”

“कुणाची घेऊ?”

“तव्याची घे. त्यावर तुझं पोट आहे.”

आबाने तव्याकडे हात केला. “तव्याची शपथ. हा फोटो मी कुठल्याच फोनवर टाकणार नाही.”

झालं कलावतीचं समाधान. तिने पदर नीट केला, मोरपंखी साडीचे काठ पुढे घेतले आणि नळी ओठांना लावली. एक काढून झाल्यावर “थांब, डोळे मिटले गेले,” म्हणून दुसरा काढायला लावला. आबाने नाव विचारलं, तेही सांगितलं. “राहता कुठे?” विचारलं, तर “दिव्याला,” म्हणाली. “अरे वा!” आबा म्हणाला, आणि त्याच्या मिशा दोन्ही बाजूंनी वर गेल्या. फोनपासून लपवून ठेवलेलं सगळं तिने तोंडाने सांगून टाकलं. पण माणसाला सांगितलं तर काय होतंय?

चौथा गुरुवार, उद्यापनाचा. कलावती थाळी संपवून दुपारी एकच्या आत परत आली. बारा वाजता ग्रुपवर हळदीकुंकवाची गडबड चालली होती, साडेतीनला भलतीच सुरू झाली. चार वाजेपर्यंत त्रेपन्न मेसेज. कलावतीचा फोन फळांच्या टोपलीशेजारी एखाद्या ऋषीसारखा शांत पडला होता.

संध्याकाळी बायका वेळेच्या आधीच आल्या. कधी न फिरकणाऱ्या मागच्या बिल्डिंगच्याही आल्या. जागा पुरेना, दोघी पाण्याच्या पिंपावर बसल्या. कलावतीला भरून आलं. नऊ वर्षांची तपश्चर्या म्हणतात ती हीच.

पाटावर बसून तिने आधी दोन शब्द बोलायचं ठरवलं. (ठरवायला नको होतं.)

“बायांनो, उपास म्हणजे जिभेवर ताबा. ज्याला जीभ आवरत नाही त्याने पोथीला हात लावू नये. मी नावं घेत नाही, पण काहींनी केक खाल्लेला आहे.”

मागे कुणाला तरी जोरात खोकला आला. वैशालीने पदराचा बोळा तोंडात घातला. कलावतीला वाटलं, पश्चात्तापाने रडते आहे. मग तिने पोथी वाचली, अशी वाचली की आजवर वाचली नव्हती, एकेक शब्द खणखणीत.

आरती झाली. सुमती उठून म्हणाली, “कलावतीताई, वाचन फार सुरेख झालं. आवाज अगदी हाडातून आला.”

“देवीची कृपा,” कलावती म्हणाली.

“आता जरा ग्रुप उघडता का?”

कलावतीने उघडला. दिवा स्टेशनबाहेरचा फोटो. खांबाला खांब बांधून लावलेला वीस फुटी फ्लेक्स. त्यावर मोरपंखी साडीतली एक बाई, डोळे उघडे, गाल आत, तोंडात हातभर नळी. खाली लाल अक्षरात: ‘आबांची खानावळ आता दिव्यातही! कल्याणला दर गुरुवारी न चुकता येणाऱ्या आमच्या लाडक्या कलावती काकी, दिवा यांचे मनःपूर्वक आभार!’

आबाने शपथ पाळली होती. फोटो त्याने फोनवर टाकला नव्हता.

“हे खोटं आहे!” कलावती कडाडली. “आजकाल कॉम्प्युटरवर कुणाचंही तोंड कुणालाही लावतात. हेमांगी, सांग यांना!”

हेमांगी खरं बोलणारी मुलगी. तिने फोटो मोठा करून बघितला. “लावतात काकू. पण साडी तीच आहे, आता नेसलीत ती.”

मग जे हसू फुटलं ते पिंपावरच्या दोघींना आवरेना, एकीचा पाय पाण्यात गेला.

स्वयंपाकघराच्या दारात उत्तम उभा होता. हातात वरीच्या तांदळाची वाटी. त्याने सुमतीच्या फोनवर फ्लेक्स वाचला, शेवटपर्यंत. “दर गुरुवारी?” एवढंच विचारलं. वाटी स्टुलावर ठेवली, चपला घातल्या आणि तो चालता झाला. आबांच्या दिव्यातल्या खानावळीचं पहिलं गिऱ्हाईक कोण होतं, हे सांगायची गरज नाही. दोन थाळ्या घेतल्या म्हणे.

कलावती ओरडली असती, भांडली असती, बिल्डिंगमधल्या बाकीच्या सतरापैकी सोळा जणींची तिला काही ना काही गोष्ट ठाऊक होती. पण पोथी समोर होती. ती पाटावरून उठली. पोथी कपाळाला लावली आणि वैशालीपुढे धरली.

“घे. आणि भराभरा वाचू नको गं. सावकाश वाच. मागे बसलेल्यांना ऐकू गेलं पाहिजे.”

वैशालीचं हसू थांबलं. तिने पोथी घेतली आणि खाली वाकून कलावतीच्या पाया पडली. त्या दिवसापासून कलावती सतरंजीवर बसते, सुमतीच्या शेजारी.

हेमांगीवर तिने नंतर तोंडसुख घेतलंच. “कसली गं तुझी कडक सिस्टीम?”

“काकू, फोनने एक अक्षर सांगितलेलं नाही!”

ते मात्र खरं होतं. कलावतीने फोन पुन्हा बदलला नाही. आजही त्या फोनला ती कोण, कुठली, काय खाते, काही ठाऊक नाही. परवा सुमती गॅलरीत उभी राहून कुरियरवाल्याशी फोनवर बोलत होती, नेहमीसारखी, इस्त्री करून.

“नाही हो, गल्ली क्रमांक सांगून सापडणार नाही. असं करा, स्टेशनबाहेर कुणालाही विचारा, नळीवाल्या काकींची इमारत कुठली. हो, हो, त्याच. अगदी दारापर्यंत आणून सोडतील.”