बोकाऱ्यांची शनिवारची खोली

नंदकिशोर बोकारे हॉटेलात राहायला जाताना बरोबर एक सोलापुरी चादर न्यायचे. पांघरायला नाही, टांगायला.

डब्लिनमधल्या ज्या हॉटेलात ते जायचे, तिथे खोली आणि बाथरूमच्या मध्ये भिंत नाही, काच आहे. पलंगावर पडल्या पडल्या आत आंघोळ करणारा माणूस आरपार दिसतो. पहिल्याच खेपेला बोकाऱ्यांनी खाली फोन करून पडदा मागितला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की काच हे आमच्या डिझाइनचं खास वैशिष्ट्य आहे. पुढच्या खेपेपासून बोकारे चादर, सुतळी आणि चिकटपट्टी घेऊन जाऊ लागले. चादर हिरवी, तिच्यावर दोन मोर. डब्लिनमधल्या सर्वांत देखण्या म्हणवणाऱ्या हॉटेलात दर दुसऱ्या शनिवारी ते मोर पिसारा फुलवून उभे असत.

हे मला कसं ठाऊक, तर बोकारे स्वतः सांगायचे. आम्ही डब्लिनपासून तासाभरावरच्या डंडॉकला एका ऑनलाइन पेमेंटच्या कंपनीत कामाला. जेवणाच्या सुट्टीत चार-पाच मराठी माणसं खिडकीजवळच्या टेबलावर जमतात. बोकारे मूळचे नागपूरचे, पंचेचाळिशीतले, उंच आणि किडकिडीत. बारा महिने एकच करडं जॅकेट, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी त्यांच्यापुढे रांगेत घुसलंय. आयरिश मंडळींना त्यांचं नाव पेलत नसे, म्हणून ते त्यांना 'बो' म्हणत. "बापाने चांगलं नंदकिशोर ठेवलं," बोकारे म्हणायचे, "इथे येऊन कुत्र्याचं नाव मिळालं."

सोमवारचा डबा उघडला की हॉटेलपुराण सुरू. तिथल्या कॉरिडॉरमध्ये एक अख्खा काळा घोडा उभा होता, डोक्यावर दिव्याची शेड घातलेला. बोकाऱ्यांनी मॅनेजरला मेल लिहिला, की कृपया घोड्याचं तोंड भिंतीकडे करावं. पलंगाच्या वर एका जाड बाईचं चित्र होतं, अंगावर काही नसलेलं. ते चित्र बोकारे गेल्या गेल्या उतरवून कपाटात ठेवत. "बाईला थोडा आराम," ते म्हणत. खोलीतले दिवे इतके मंद की आपलेच मोजे सापडू नयेत. म्हणून सामानात स्वतःचा बल्बही असायचा. शिवाय भाताचा छोटा कुकर, मेतकूट आणि तुपाची बाटली.

"अहो, मग जाता कशाला तिथे?" मी एकदा विचारलं.

"आपण गेस्ट आहोत, जोशी मॅडम. गरजू नाही. पैसे देतो, तक्रार करतो. या देशात हक्काने तक्रार करायची तेवढी एकच जागा आहे."

खरी गंमत पुढेच आहे. हा माणूस डंडॉकमध्ये राहायचा कुठे, तर एका सामाईक घराच्या माळ्याखालच्या खोलीत. तिथे पलंग मांडला की दार पूर्ण उघडत नसे. घरात आणखी चार भाडेकरू. स्वयंपाकघरात बोकाऱ्यांच्या वाट्याला एक प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, आणि फ्रिजमधली एक फळी. घरमालकिणीचा नियम असा की पाहुणा आणायचा नाही, दिवसासुद्धा. रीतसर फ्लॅट मिळावा म्हणून बोकारे दर आठवड्याला कुठे ना कुठे घर बघायला जात, आणि बाहेर फुटपाथवर वीस-पंचवीस जणांच्या रांगेत उभं राहून परत येत.

"इथली माणसं नाही म्हणतच नाहीत," ते सांगायचे. "एजंट म्हणते, लीव्ह इट विथ मी. नागपुरात 'नाही' ऐकायला एक सेकंद लागते. इथे दीड महिना लागते, आणि तेही आपणच समजून घ्यायचं."

असा माणूस दर दुसऱ्या शनिवारी डब्लिनच्या उंची हॉटेलात का जातो, यावर टेबलावर बरेच तर्क चालत. ते उठून गेले की. एकाचं म्हणणं जुगार. दुसऱ्याचं म्हणणं हॉटेलच्या बक्षीस-पॉइंट्सचा नाद. बहुमत बाईच्या बाजूने होतं. लग्न मोडलंय एवढं सगळ्यांना माहीत होतं, त्यापलीकडे ते बोलत नसत आणि कुणी विचारत नसे.

गेल्याच्या गेल्या वर्षी अमेयचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, चाळिसावा वाढदिवस आला. एक रात्र डब्लिनला राहू, म्हणून मी तेच हॉटेल बुक केलं. इतकं ऐकलं होतं की तो घोडा एकदा बघायचाच होता. सोमवारी मी हौसेने बोकाऱ्यांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"कोणता शनिवार?"

मी सांगितला.

"नका जाऊ," ते म्हणाले. "तिथे झुरळं आहेत."

"तुम्ही तर कधी बोलला नाहीत."

"नवीन आली आहेत. गाद्याही खराब होऊन राहिल्या. दुसरं बघा, मॅडम. मी बघून देतो."

पण बुकिंग रद्द होणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, ते एवढे गडबडले म्हणून माझी उत्सुकता आणखीच वाढली. घरी जाऊन अमेयला म्हटलं, शनिवारी बाई दिसणार.

त्या शनिवारी शहरात कुठलीशी मोठी मैफल होती. दुपारी आम्ही पोचलो तर लॉबीत नुसती चाकांच्या बॅगांची खडखड. आम्हाला खोलीची किल्ली मिळाली, म्हणजे ते प्लास्टिकचं कार्ड, आणि आम्ही लिफ्टकडे वळलो तेव्हा काउंटरच्या दुसऱ्या टोकाला करडं जॅकेट दिसलं. शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी. पाठीवर दप्तर, हातात उशी. तिचा चेहरा हुबेहूब बोकाऱ्यांचा होता, फक्त त्यावर कुणी रांग मोडलेली नव्हती.

काउंटरवर कानात बाळी घातलेला एक पोरगेलासा कारकून होता. तो अगदी अदबीने सांगत होता की आज गर्दीमुळे खोल्यांपेक्षा बुकिंग जास्त झाली आहेत, फार फार माफी मागतो, तुमची सोय विमानतळाजवळच्या आमच्या दुसऱ्या हॉटेलात केली आहे, टॅक्सी आम्हीच देऊ, तिकडेही अगदी ग्रँड आहे.

मी थांबले. मला वाटलं, आता बोकारे त्याला सोलून काढणार. घोड्यावरून मॅनेजरला मेल लिहिणारा माणूस. पण बोकारे काही बोलेचनात. हात काउंटरवर ठेवून नुसते उभे. एकदा मुलीकडे बघत, एकदा त्या मुलाकडे. "प्लीज," एवढंच ते हळू आवाजात म्हणाले. "जरा बघा. प्लीज."

"सर, बुकिंग..."

"प्लीज," बोकाऱ्यांनी त्याला मध्येच थांबवलं.

तेव्हा ती मुलगीच टाचा उंचावून पुढे झाली. पक्क्या डब्लिनच्या इंग्रजीत, काउंटरवरच्या दादाला मदत करावी तशी, ती म्हणाली, "त्यांना बुकिंग लागत नाही. माझे बाबा इथेच राहतात. तीनशे चौदामध्ये."

तो मुलगा तोंड उघडून बोकाऱ्यांकडे बघत राहिला. बोकाऱ्यांचे कान लाल झाले होते. मग त्या मुलाने तोंड मिटलं आणि उगाचच कीबोर्डवर काहीतरी बडवू लागला. अजूनही मला तो मुलगा आठवला की बरं वाटतं.

मला तेव्हा कळलं की ते का बोलत नव्हते. तोंड उघडलं असतं तर 'मी गेस्ट आहे' म्हणावं लागलं असतं, आणि तेच त्या मुलीसमोर म्हणता येत नव्हतं.

मी अमेयकडे पाहिलं. त्याने कार्ड माझ्या हातात दिलं. त्याचा वाढदिवस होता, हे इथे नमूद करायला हवं.

मी पुढे जाऊन मोठ्याने म्हटलं, "बोकारे साहेब, नवीन खोली बघितली आम्ही, छान आहे. हे घ्या तुमचं कार्ड." मग मुलीकडे वळून इंग्रजीत सांगितलं की तीनशे चौदाला रंग देणं चाललंय, म्हणून आजच्यापुरती बाबांना दुसरी खोली दिलीये.

"कुठला रंग?" तिने विचारलं.

"पिवळा," बोकारे म्हणाले. कार्ड घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आम्ही टॅक्सीने विमानतळाजवळच्या त्या दुसऱ्या हॉटेलात गेलो. तिथे घोडा नव्हता. केकही नव्हता, मशीनमधलं चॉकलेट अर्धं अर्धं खाऊन वाढदिवस झाला.

सोमवारी बोकारे टेबलावर आलेच नाहीत. मंगळवारीही नाही. बुधवारी पार्किंगमध्ये ते माझ्या गाडीपाशी उभे होते. मला वाटलं आभार मानतील.

"तुम्ही चांगलं केलं," ते म्हणाले, "पण मला ते आवडलं नाही, मॅडम. हॉटेलवाल्याशी भांडता येते. तुमच्याशी कसं भांडू?"

मग तिथेच उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं. मुलीचं नाव सई. घटस्फोटानंतर ती आईजवळ, डब्लिनलगतच्या स्वोर्ड्सला असते. दर दुसऱ्या शनिवारी बापाकडे राहायला येईल असं दोघांत ठरलेलं, पण आईची अट होती की मुलीला नीट खोली आणि पलंग पाहिजे. अट वाजवी होती, बोकारेच म्हणाले. डंडॉकच्या खोलीत ते शक्य नव्हतं. फ्लॅट मिळत नव्हता. म्हणून हॉटेल. आणि चांगलंच हॉटेल, कारण सईच्या आईला काही बोलायला जागा राहू नये. मुलगी मोठी होत चाललेली, म्हणून काचेला चादर. तिने वाचावं म्हणून बल्ब. जाड बाईचं चित्र कपाटात, आणि त्या जागी सईने काढलेली चित्रं. कुकर तिच्या वरण-भातासाठी. रविवारी अकराला चेकआउट, की मुलगी परत आईकडे.

"एकदा ती म्हणाली, बाबा, तू इथेच राहतोस का? मी हो म्हणून गेलो. काय सांगू? की तुझा बाप चार अनोळखी लोकांमध्ये फ्रिजच्या एका फळीवर राहते?"

मी म्हटलं, "आमच्याकडे घेऊन या की तिला. वरची खोली रिकामीच असते."

"नाही," बोकारे म्हणाले. "दुसऱ्याच्या घरी बाप पाहुणा होते. हॉटेलात निदान मीच तिला वाढतो." आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून निघून गेले.

आमच्यात यावर पुन्हा बोलणं झालं नाही. पुढच्या सोमवारी ते टेबलावर आले आणि गाद्यांबद्दल तक्रार करू लागले. मी हसले. इतरही हसले, पण ते जुन्याच कारणासाठी.

या वसंतात बोकाऱ्यांना फ्लॅट मिळाला. मासे आणि बटाटे तळणाऱ्या एका दुकानाच्या वर, दोन खोल्यांचा. पडद्यांनाही तळणाचा वास. त्यातली मोठी खोली त्यांनी सईला दिली, स्वतः रंगवली, पलंग जोडताना एक फळी उलटी बसवली आणि ती तशीच राहू दिली. कपाटात हँगर अडकवले, रिकामे. ज्या शनिवारी सई पहिल्यांदा तिथे राहायला आली, त्या दुपारी त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. पहिल्यांदाच.

सई आता उंच झाली आहे. शनिवारी तिला मैत्रिणींकडेही जायचं असतं, त्यामुळे येणं थोडं कमी झालंय. ती सभ्यपणे जेवली. बोकारे दर दोन मिनिटांनी तिला काहीतरी दाखवत होते. इथून डोंगर दिसतात. ही खिडकी पूर्ण उघडते. भिंतीवर खिळा ठोकला तरी चालतो, मालकाला विचारलंय. ती प्रत्येक वेळी मान डोलवत होती. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतच येतं.

"कपडे कपाटात लाव ना, बेटा," ते म्हणाले.

"बॅगेतच ठीक आहेत," ती म्हणाली.

जेवण झालं. आम्ही कोट चढवत होतो. बोकारे सिंकपाशी पेले विसळत होते. सई तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, उद्या चेकआउट किती वाजता?"

बोकाऱ्यांनी नळ बंद केला नाही. पाठमोरेच म्हणाले, "इथे चेकआउट नसते, सई. हे आपलं घर आहे."

"ओके," ती म्हणाली. मग, त्यांना वाईट वाटू नये अशा बेताने, "पण साधारण?"

अमेय बुटाची नाडी बांधत खाली वाकला आणि वाकूनच राहिला. बोकाऱ्यांनी पेला उपडा ठेवला, हात पुसले, बराच वेळ पुसले.

"तुला वाटेल तेव्हा," ते म्हणाले.

"मग अकरा," सई म्हणाली, आणि आत जाऊन तिने बॅगेची चेन लावून ठेवली.