लॉकचं सुतक

सोमवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी पाणीवाटपाच्या प्रोग्राममधला तिसरा थ्रेड लॉक हातात असतानाच वारला, आणि लॉकने रीतसर दहा दिवसांचं सुतक धरलं.

प्रोग्राम मंजिरी धोपेश्वरकरने लिहिलेला. गावच्या पाणीखात्यात ती एकटीच प्रोग्रामर, त्यामुळे जमलं तर साहेबांचं आणि बिघडलं तर तिचं, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. पाच थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे पाच गडी, एकाच वेळी राबायचे, प्रत्येकाकडे एक वॉर्ड. नोंदवही मात्र सगळ्यांत मिळून एकच. म्हणून ज्याच्या हातात लॉक, त्यानेच वहीला हात लावायचा आणि काम उरकलं की लॉक जागेवर ठेवायचं.

चूक मंजिरीची एवढीच, की लॉक मिळालं नाही तर थ्रेडने काय करावं, तिथे तिने "असं होणारच नाही, झालंच तर मरावं" असं लिहिलं आणि ती जेवायला गेली. थ्रेड बिचारे आज्ञाधारक. उरलेले चौघे एकेक करून लॉक मागायला आले, सुतक असल्याचं त्यांना कळलं, आणि आज्ञेप्रमाणे दाराशीच मेले.

टेकडीवरच्या वॉर्डाला तीन दिवसांनी आज चार वाजता पाणी मिळायचं होतं. मंजिरीची आई तिथेच राहायची. पिंपात तांब्याभर उरलंय, असा तिचा सकाळीच फोन आला होता.

"सुतकात काही सूट?" मंजिरीने स्क्रीनवर विचारलं.

"दहा दिवस कुणी शिवायचं नाही," लॉकने उत्तर दिलं.

"पण तो तुमचा कोण लागत होता?"

"जीव गेला तो मला धरून. आणखी काय लागायला हवं?"

मंजिरीला खरंच वाईट वाटलं. तेवढ्यात खात्याचे प्रमुख भालेराव साहेब केबिनमधून बाहेर आले.

"तो नियमच खोडून टाका, बाई. यंत्राला कसलं आलंय सोयरसुतक?"

"खोडा की," लॉक म्हणालं. "पण तो काम अर्धवट टाकून गेलाय. आत काय होऊन बसलंय ते मलाही ठाऊक नाही. ज्याला आत जायचंय त्याने आपल्या डोळ्यांनी बघावं, चुकलेलं निस्तरावं आणि खाली 'जबाबदार मी' असं लिहून नाव घालावं. सुतक तिथल्या तिथे फिटतं."

साहेबांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द त्यांनी शेजारी-शेजारी कधी लिहिले नव्हते. चष्मा आत राहिला म्हणून ते मागे वळले.

मंजिरी लॉक घेऊन नोंदवहीत शिरली. वही उघडीच होती. टेकडी वॉर्ड, घरं शून्य. टाकीतल्या पाण्याला शून्य घरांनी भागायला घेतलं, आणि तिसऱ्याचा श्वास तिथेच अडकला होता.

"साहेब, हे शून्य कुणी केलं?"

"तक्रारी फार यायच्या हो," केबिनमधून आवाज आला. "घरंच नसली म्हणजे तक्रारी येत नाहीत."

मंजिरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने शून्य खोडून दोनशे बारा लिहिलं. मग मरण्याची आज्ञा खोडून "आधी बघावं, मग सांगावं" असं लिहिलं आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं. लॉकने आंघोळ केल्याचं कळवलं. नवे पाच थ्रेड कामाला लागले आणि चारच्या ठोक्याला टेकडीवर पाणी चढलं. आईचा फोन काही आला नाही. पाणी आलं की तिला फोनला सवड नसते.

आता टाकी तीच, म्हणजे वर दोनशे बारा घरं वाढली तसं खाली तेवढं कमी झालं. साडेपाचला खालच्या वॉर्डातल्या साहेबांच्या घरून फोन आला, की नळाला करंगळीएवढी धार आहे. मंजिरी चहाला गेली होती. साहेब तिच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी लॉक मागितलं.

"काय काम काढलंत?" लॉकने विचारलं.

"एक आकडा तेवढा पूर्ववत करायचाय."

"करा ना. झालं की खाली लिहा, जबाबदार कोण ते."

साहेबांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. मग फोन उचलून त्यांनी घरी सांगितलं, "अगं, आजपासून बादल्या अर्ध्याच भर."