पंधरा दिवसांचा बटाटा

कापलेला बटाटा काळा पडतो, याचा मला लहानपणापासून राग आहे. त्यामुळे मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, "माझ्या पेटीतल्या अतिनील दिव्याखाली पाच मिनिटं ठेवलेला तुकडा फ्रिजमध्ये पंधरा दिवस ताजा राहील."

"आणि नाही राहिला तर?"

"तर मी परत बिस्किटांतला ओलावा मोजेन."

हे मी सहा वर्षं केलं होतं. बिस्किटात ओलावा नसतो. तरी मोजायचा.

बारा बटाटे घेतले. पट्टी लावून सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे केले. दिव्याखालून काढलेले निळ्या डब्यात, तुलनेसाठी तसेच ठेवलेले लाल डब्यात. पंधरा दिवस झाकण उघडायचं नाही, हा माझाच नियम. लॅबचा फ्रिज बिघडलेला, म्हणून डबे कॅन्टीनमध्ये ठेवले आणि तिथल्या मावशींना बजावलं, "यांना काही होता कामा नये. माझी नोकरी आहे यात."

"काळजी सोडा, ताई," मावशी म्हणाल्या.

मी सोडली.

पंधराव्या दिवशी साहेब जेवून, मिशा पुसत लॅबमध्ये आले. "आज बटाटे झकास परतले होते. दाखवा तुमचे."

मी निळा डबा उघडला. तुकडे पांढरेशुभ्र. मग ऐटीत लाल उघडला. तेही पांढरेशुभ्र.

"दिव्याखालचे कुठले?"

"निळे."

"आणि लाल नुसतेच ठेवलेले? मग दिवा कशाला हवा?"

मी लाल डब्यातला एक तुकडा उचलून पट्टीवर ठेवला. कडा सरळ, कोपरे काटकोनात. इतका नेटका तुकडा मला आयुष्यात जमलेला नाही. मी मावशींना बोलावलं.

"लालमधले चौथ्याच दिवशी काळे पडले हो," मावशी म्हणाल्या. "तुमची नोकरी म्हटल्यावर मी गप्प कशी बसू? बदलत राहिले. तुमचे जरा वाकडे होते, तेही सुधारून घेतलं."

माझ्या जिवात जीव आला. काळे पडायचे ते पडलेच होते! "आणि निळ्यातले?"

"त्यांना हात नाही लावला. ठणठणीत होते."

मी साहेबांकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"कालपर्यंत," मावशी म्हणाल्या. "लालमधल्या ताज्यांशेजारी ते मळकट दिसायला लागले. म्हणून काल तेही बदलले."

मी खुर्चीत बसले. साहेब मात्र उभेच होते. "म्हणजे दिव्याने काम केलं, याचा पुरावा काय? ते जुने तुकडे कुठे आहेत?"

मावशींनी पदराला हात पुसले. "इतके चांगले तुकडे टाकवेनात. आज दुपारी परतले. तुम्ही दोनदा वाढून घेतलेत की, साहेब."

साहेबांनी सावकाश पोटावर हात ठेवला. जेवण हवेत विरून जावं अशा आशेने थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि घरी गेले.

उद्या ते कामावर आले, तर माझा प्रयोग यशस्वी. तोवर मी बिस्किटं मोजायला घेतली आहेत.